वाचकांचे प्रश्न : महायुद्धाने नेमके काय घडवले?

गेल्या अंकातील या सदरात, १९१४ ते १९१८ या चार वर्षांच्या महायुद्धाने आधुनिक कलेला, विज्ञानाला आणि संस्कृतीला आजचे रूप दिले, असे मी एका वाक्यात लिहून गेलो होतो. ते एका वाक्यात उरकण्यासारखे नव्हते, हे त्यानंतर आलेल्या पत्रांवरून ध्यानात आले. काहींनी पुरावा मागितला आहे, काहींनी विधान अर्धवट असल्याचे दाखवून दिले आहे आणि एका वाचकाने तर 'रूप दिले' या शब्दांबद्दलच जाब विचारला आहे. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र करून हे संपूर्ण सदर या वेळी त्याच विषयाला दिले आहे.

प्रश्न : आधुनिक चित्रकला पहिल्या महायुद्धातून जन्मली, असे पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळते. रणांगणावर देहांच्या चिंधड्या पाहिल्यामुळे चित्रकारांनी आकृती मोडायला सुरुवात केली, हे खरे मानावे काय?

उत्तर : हे स्पष्टीकरण चटकन पटते, पण सनावळी त्याच्या विरुद्ध साक्ष देते. पिकासोने स्त्रीदेहाचे कोनाकोनांत तुकडे केले ते १९०७ साली. इटालियन कवी मारिनेत्ती याचा भविष्यवादाचा, म्हणजे वेग आणि यंत्र यांची पूजा करणाऱ्या कलाचळवळीचा, जाहीरनामा 'ल फिगारो' या पॅरिसच्या दैनिकात २० फेब्रुवारी १९०९ रोजी पहिल्या पानावर छापून आला आणि त्यात युद्ध हीच जगाची एकमेव स्वच्छता असल्याचे त्याने ठासून सांगितले होते. त्या वेळी महायुद्धाला पाच वर्षे अवकाश होता. रशियन संगीतकार स्त्राविन्स्कीच्या बॅलेवरून पॅरिसच्या नाट्यगृहात गोंधळ झाला तो २९ मे १९१३ रोजी. रशियन चित्रकार कांडिन्स्कीही १९१४ च्या आधीच अमूर्त चित्रांपर्यंत पोहोचला होता. म्हणजे आकृती मोडली गेली ती भर शांततेच्या काळात, आणि ती मोडणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तोवर तोफेचा आवाजही जवळून ऐकलेला नव्हता.

मग युद्धाने काय केले? सर्वांत आधी, त्याने ही माणसे मारली. आउगुस्ट माके सप्टेंबर १९१४ मध्येच गेला, वय २७. त्याचा मित्र, निळ्या घोड्यांचा चित्रकार फ्रान्झ मार्क, मार्च १९१६ मध्ये व्हर्दनजवळ मारला गेला. वेगाचे गोडवे गाणारा भविष्यवादी बोच्चोनी त्याच वर्षी लष्करी सरावात घोड्यावरून पडून मेला. घनवादाच्या, म्हणजे वस्तू कोनाकोनांत मोडून रंगवण्याच्या शैलीच्या, दोन जनकांपैकी पिकासो स्पेनचा नागरिक म्हणून मागे राहिला. ब्राक आघाडीवर गेला, १९१५ साली त्याच्या डोक्याला गंभीर जखम झाली, कवटीला छिद्र पाडून शस्त्रक्रिया करावी लागली. तो वाचला, पुन्हा रंगवू लागला, परंतु युद्धापूर्वी एकमेकांच्या चित्रांत रोज डोकावणाऱ्या त्या दोघांची भागीदारी पुन्हा कधीच जुळली नाही.

दुसरी गोष्ट मला अधिक विलक्षण वाटते. जी चित्रभाषा प्रेक्षकाला चक्रावून टाकते म्हणून नावे ठेवली जात होती, ती शत्रूलाही चक्रावून टाकील हे सैन्याच्या ध्यानात आले. फ्रेंच सैन्याने १९१५ साली तोफा, वाहने, निरीक्षणाच्या जागा दडवण्यासाठी चित्रकारांचे स्वतंत्र पथक उभारले. त्याचा प्रमुख गिराँ द सेव्होला हा स्वतः जुन्या वळणाची व्यक्तिचित्रे काढणारा गृहस्थ, पण वस्तूचा आकार मोडून काढण्यासाठी त्याने घनवाद्यांच्याच युक्त्या उचलल्या. पलीकडच्या बाजूला फ्रान्झ मार्क तेच काम करत होता. फेब्रुवारी १९१६ मध्ये पत्नीला लिहिलेल्या पत्रात त्याने सांगितले आहे की, विमानातून तोफा दिसू नयेत म्हणून त्याने नऊ ताडपत्र्या रंगवल्या आणि त्या रंगवताना फ्रेंच चित्रकार एदुआर माने याच्या शैलीपासून कांडिन्स्कीपर्यंतचा प्रवास केला. गेल्या पन्नास वर्षांचा कलेतिहास एका गवताच्या कोठारात ताडपत्रीवर उतरवणारा हा माणूस पुढच्या महिन्यात जिवंत नव्हता.

तिसरा परिणाम वाचलेल्यांच्या चित्रांत दिसतो, आणि तो एकाच दिशेचा नाही. फर्नां लेजे युद्धापूर्वी जवळजवळ अमूर्त रचना करत होता. खंदकांत त्याने ७५ मिलिमीटरच्या तोफेचा गोळा भरण्याचा उघडा भाग भर उन्हात चमकताना पाहिला आणि त्या पांढऱ्या धातूवरच्या प्रकाशाने आपल्याला संग्रहालयांपेक्षा जास्त शिकवले, असे तो पुढे सांगत असे. १९१७ साली त्याने पत्ते खेळणारे सैनिक रंगवले: हात म्हणजे नळकांडी, बोटे म्हणजे यंत्राचे दांडे, आणि त्यांवर पदके. मशीनगन चालवणाऱ्या ओटो डिक्सने १९२४ साली पन्नास अम्लरेखनांचा संच काढला. अम्लरेखनात तांब्याचा पत्रा आम्लाने खाल्ला जातो. डिक्सने ते खाणे मुद्दाम जास्त होऊ दिले, त्यामुळे कुजलेली त्वचा काढायची गरजच उरली नाही, पत्राच कुजला. उलट पिकासोसह अनेकजण याच काळात शांत, घाटदार, अभिजात आकृत्यांकडे परतले. एकच युद्ध एकाला यंत्राकडे, दुसऱ्याला प्रेताकडे आणि तिसऱ्याला ग्रीक पुतळ्याकडे ढकलते, तेव्हा 'युद्धातून आधुनिक कला जन्मली' या वाक्यातून काहीच कळत नाही. मोडलेली आकृती आधीपासून होती. तिला अर्थ चिकटला तो या चार वर्षांत.

प्रश्न : 'दादा' नावाची कलाचळवळ ही निव्वळ थट्टा होती, की तिच्यामागे काही विचार होता? आणि हे नाव आले कुठून?

उत्तर : मराठी वाचकाला हे नाव ऐकून थोरला भाऊ आठवतो किंवा गल्लीतला गुंड, पण फ्रेंच बालभाषेत दादा म्हणजे लाकडी घोडा, आणि रोमानियन भाषेत 'दा, दा' म्हणजे 'हो, हो'. हे नाव कोणी शोधले यावर त्या मंडळींनी आयुष्यभर भांडण केले आणि ते भांडणही त्यांच्या कलेचाच भाग असावा, असा मला संशय आहे.

आधीच्या उत्तरात मी सनावळीचा दाखला दिला. तीच कसोटी इथे लावली तर दादा मात्र खरोखर युद्धाचे अपत्य ठरते. ५ फेब्रुवारी १९१६ रोजी तटस्थ स्वित्झर्लंडमधल्या झुरिच शहरात, श्पीगेलगासे या अरुंद गल्लीत, ह्यूगो बाल आणि एमी हेनिंग्स यांनी 'कॅबरे व्होल्टेअर' हे गाणी, कविता आणि नकलांचे छोटे रंगगृह सुरू केले. त्याच महिन्यात त्याच गल्लीत काही घरे पलीकडे एक शिस्तप्रिय रशियन भाडेकरू राहायला आला, त्याचे नाव लेनिन. कॅबरेत जमणारे जर्मन, रोमानियन आणि अल्सास प्रांतातले तरुण बहुतेक आपापल्या देशांच्या सैन्यभरतीपासून दूर आलेले होते. बाल स्वतः १९१४ साली उत्साहाने भरतीला गेला होता. प्रकृतीमुळे नाकारला गेल्यावर तो बेल्जियममध्ये आघाडीजवळ जाऊन आला आणि तिथून बदलूनच परतला.

जून १९१६ मधल्या एका रात्री त्याने चकचकीत निळ्या पुठ्ठ्याची नळी पायांभोवती गुंडाळली, वर पुठ्ठ्याचा रुंद झगा आणि डोक्यावर निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची उंच टोपी घातली. या वेषात चालता येईना, म्हणून दिवे मालवून त्याला उचलून रंगमंचावर ठेवण्यात आले. मग त्याने एकही खरा शब्द नसलेली कविता म्हटली, नुसते ध्वनी. म्हणता म्हणता आपल्या आवाजाला चर्चमधल्या पुरोहिताचा हेल चढल्याचे त्याला जाणवले. यात थट्टा होतीच. पण ज्या भाषेतून वर्तमानपत्रे रोज मरणाचे पोवाडे गात होती, ती भाषा वापरायलाच नकार देणे हा त्यामागचा विचार होता, आणि तो त्याने आपल्या रोजनिशीत गंभीरपणे मांडलेला आहे.

प्रश्न : युद्धामुळे विज्ञानाची प्रगती होते, असे आम्हाला शाळेत शिकवले गेले. पहिल्या महायुद्धापुरते बोलायचे तर हे कितपत खरे?

उत्तर : या प्रश्नाला सरळ 'हो' म्हणणाऱ्यांनी फ्रित्झ हाबर या एकाच जर्मन रसायनशास्त्रज्ञाचे चरित्र नीट पाहावे. हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया तयार करण्याची पद्धत त्याने १९०९ साली प्रयोगशाळेत सिद्ध केली आणि कार्ल बॉशने ती कारखान्यात उतरवली. ओपाऊचा कारखाना १९१३ साली सुरू झाला. हा शोध खतासाठी होता. ब्रिटिश नौदलाने नाकेबंदी करून चिलीहून येणारा सोरा तोडला, तेव्हा जर्मनीपाशी स्फोटके बनवायला हाच अमोनिया होता. तो नसता तर त्या देशाला इतकी वर्षे लढता आले नसते, असे अनेक इतिहासकार मानतात. तोच हाबर २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्रजवळ क्लोरीन वायूच्या हल्ल्याची व्यवस्था पाहत होता. हजारो नळकांडी आधी जमिनीत पुरून ठेवलेली होती, आणि वारा अनुकूल व्हावा म्हणून कित्येक दिवस वाट पाहावी लागली होती. त्याची पत्नी क्लारा इमरवार स्वतः रसायनशास्त्रातील डॉक्टरेट मिळवलेली विदुषी होती; तिने २ मे १९१५ रोजी त्याच्याच लष्करी पिस्तुलाने आत्महत्या केली. तिच्या मनात नेमके काय होते यावर चरित्रकारांत मतभेद आहेत. हाबर लगेच पूर्व आघाडीवर निघून गेला. युद्ध संपल्यावर त्याला १९१८ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, ते अमोनियासाठी. आज जगातील जवळजवळ निम्म्या माणसांच्या अन्नामागे या पद्धतीने बनलेले खत असल्याचा अंदाज अभ्यासक मांडतात. हा शोध युद्धाआधीचा आहे, इकडे लक्ष असू द्यावे. युद्धाने त्याचा विस्तार केला आणि त्याची दिशा फिरवली.

दुसरी बाजू ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ हेन्री मोझ्लीची. मूलद्रव्यांचे आवर्तसारणीतील स्थान अणुभाराने ठरत नसून अणुकेंद्रावरील प्रभाराने ठरते, हे त्याने १९१३-१४ मध्ये क्ष-किरणांच्या साहाय्याने दाखवले आणि सारणीत कोणत्या जागा अजून रिकाम्या आहेत तेही सांगितले. १० ऑगस्ट १९१५ रोजी तुर्कस्तानातील गॅलिपोलीच्या मोहिमेत संदेशवहन अधिकारी म्हणून काम करत असताना तो गोळी लागून मेला. वय २७. त्याचे गुरू रदरफर्ड यांनी अशा माणसाला आघाडीवर पाठवणे हा राष्ट्राचा अपव्यय असल्याचे जाहीरपणे लिहिले. युद्धाने विज्ञानाला काय दिले याची यादी करणारे मोझ्लीने पुढच्या चाळीस वर्षांत काय केले असते, हा रकाना कोराच ठेवतात.

मला स्वतःला या सर्वांत लुईस फ्राय रिचर्डसन फार आवडतो. क्वेकर पंथाचा असल्यामुळे त्याने शस्त्र हाती घेण्याचे नाकारले आणि फ्रान्समध्ये रुग्णवाहिकेचा चालक म्हणून काम पत्करले. जखमींना पोहोचवण्याच्या दोन खेपांमध्ये, थंड आणि ओलसर मुक्कामी, गवताच्या गंजीला मेज समजून तो गणित करत बसे. हवामान हे भौतिकशास्त्राच्या समीकरणांनी चालते, तर ती समीकरणे टप्प्याटप्प्याने सोडवून पुढचे हवामान सांगता आले पाहिजे, ही त्याची कल्पना होती. त्यासाठी त्याने २० मे १९१० या होऊन गेलेल्या दिवसाची नोंद घेतली आणि मध्य युरोपातल्या एका ठिकाणी सहा तासांत हवेचा दाब किती बदलेल हे हाताने काढले. सहा तासांच्या या भाकिताच्या आकडेमोडीला काही आठवडे लागले. उत्तर आले १४५ मिलिबारची वाढ. प्रत्यक्षात त्या दिवशी दाब जवळपास स्थिर होता. त्यातच १९१७ च्या एप्रिलमध्ये शांपेनच्या लढाईच्या धामधुमीत हस्तलिखित गहाळ झाले आणि काही महिन्यांनी बेल्जियममध्ये कोळशाच्या ढिगाखाली सापडले. रिचर्डसनने १९२२ साली ते सारे, चुकलेल्या उत्तरासकट, छापले. आज रोजचा हवामानाचा अंदाज संगणक ज्या रीतीने काढतात तिचे मूळ या फसलेल्या गणितात आहे. त्याच सुमारास नॉर्वेतील बर्गेन येथे ब्यर्कनेस पिता-पुत्र उष्ण आणि थंड हवेच्या सीमारेषांचा अभ्यास करत होते. त्या सीमेला त्यांनी दिलेले 'फ्रंट' हे नाव थेट युद्धाच्या आघाडीवरून उचललेले आहे.

प्रश्न : जर्मनी आणि ब्रिटन यांच्यात युद्ध चालू असताना आइन्स्टाइनचा सिद्धांत ब्रिटिशांनी तपासला, हे कसे घडले? युद्ध नसते तर तो लवकर मान्य झाला असता का?

उत्तर : बहुधा नसता, आणि याचे कारण गमतीचे आहे. हा सिद्धांत म्हणजे व्यापक सापेक्षतावाद. त्यानुसार सूर्याजवळून येणारा ताऱ्याचा प्रकाश सूर्याच्या गुरुत्वाकर्षणाने वाकतो, आणि तो किती वाकतो हे मोजायला खग्रास सूर्यग्रहण लागते. बर्लिनचा तरुण खगोलशास्त्रज्ञ एर्विन फ्रॉइंडलिश त्यासाठी २१ ऑगस्ट १९१४ च्या ग्रहणाला दुर्बिणी घेऊन क्रिमियात पोहोचला. १ ऑगस्टला जर्मनीने रशियाविरुद्ध युद्ध पुकारले. रशियाच्या हद्दीत, मोठमोठ्या दुर्बिणी बाळगणारा जर्मन माणूस! त्याला अटक झाली, उपकरणे जप्त झाली आणि पुढे कैद्यांच्या अदलाबदलीत त्याची सुटका झाली. मात्र त्या वेळी आइन्स्टाइनने वर्तवलेला वाक योग्य उत्तराच्या निम्माच होता. फ्रॉइंडलिशचे मोजमाप पार पडले असते तर सिद्धांत खोटा ठरल्याची बातमी झाली असती. नोव्हेंबर १९१५ मध्ये सिद्धांत पूर्ण झाला तेव्हा आकडा दुप्पट झाला, सुमारे १.७५ विकला (एका अंशाचे ३,६०० भाग केले तर त्यातला एक म्हणजे एक विकला).

या समीकरणांचे पहिले अचूक उत्तर आघाडीवर जर्मन तोफखान्यासाठी काम करणाऱ्या कार्ल श्वार्झशिल्डने काही आठवड्यांतच काढून २२ डिसेंबर १९१५ रोजी आइन्स्टाइनला कळवले. आज कृष्णविवरांचा अभ्यास जिथून सुरू होतो ते हे उत्तर. आघाडीवर जडलेल्या त्वचारोगाने मे १९१६ मध्ये तो मरण पावला.

ब्रिटनमध्ये जर्मन नियतकालिके येणे थांबले होते. आइन्स्टाइनचे लेख तटस्थ हॉलंडमधल्या विलेम डी सिटर यांच्यामार्फत केंब्रिजच्या आर्थर एडिंग्टनपर्यंत पोहोचले. एडिंग्टनही क्वेकर, त्याने सैन्यात जाण्यास नकार दिला होता, आणि २९ मे १९१९ च्या ग्रहणाची तयारी हे त्याला मिळालेल्या सवलतीचे एक कारण बनले. तो आफ्रिकेजवळच्या प्रिन्सिपे बेटावर गेला, दुसरी तुकडी ब्राझीलमधील सोब्राल येथे. ६ नोव्हेंबर १९१९ रोजी लंडनमध्ये निकाल जाहीर झाला आणि आइन्स्टाइन एका रात्रीत जगप्रसिद्ध झाला. शत्रुराष्ट्रांतली दोन शांततावादी माणसे आकाशाबाबत एकमत झाली, ही गोष्ट थकलेल्या वाचकांना हवीच होती. त्याच वर्षी स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय संशोधन परिषदेने जर्मन शास्त्रज्ञांना दूर ठेवले आणि तो बहिष्कार १९२६ पर्यंत टिकला, ही दुसरी बाजू सहसा सांगितली जात नाही.

प्रश्न : मनगटी घड्याळ, उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करण्याची पद्धत आणि स्त्रियांचा मताधिकार या तिन्ही गोष्टी पहिल्या महायुद्धामुळे मिळाल्या, हे बरोबर आहे का?

उत्तर : पहिल्या दोन गोष्टी युद्धाने रूढ केल्या, शोधल्या नाहीत. मनगटी घड्याळे आधीही होती, पण ती बहुधा स्त्रियांचा अलंकार समजली जात. ठरल्या मिनिटाला खंदकातून बाहेर पडायचे असताना खिशातून घड्याळ काढत बसणे परवडेना. घड्याळ पुढे करण्याची सूचना जुनी होती, कोळसा वाचवण्यासाठी जर्मनीने ती ३० एप्रिल १९१६ पासून अमलात आणली आणि शत्रूंनी काही आठवड्यांत तिची नक्कल केली. मताधिकाराबाबत मात्र सावध राहावे. न्यूझीलंडने तो १८९३ साली आणि फिनलंडने १९०६ सालीच दिला होता. ब्रिटनने १९१८ साली दिला तो तीस वर्षांवरील आणि मालमत्तेची अट पुरी करणाऱ्या स्त्रियांना. दारूगोळ्याच्या कारखान्यांत राबलेल्या बहुतेक मुली तिशीच्या आतल्या होत्या. फ्रान्समधील स्त्रियांना १९४४ पर्यंत थांबावे लागले.

प्रश्न : मी वैद्यकीय शाखेची विद्यार्थिनी आहे. प्लास्टिक सर्जरी पहिल्या महायुद्धात जन्मली असे आम्हाला सांगतात. त्यात चित्रकारांचाही सहभाग होता असे ऐकले, तो कसा?

उत्तर : जन्म पुष्कळ जुना आहे. कपाळाच्या त्वचेची पट्टी खाली वळवून नाक घडवण्याची भारतीय पद्धत १७९४ साली लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये सचित्र छापून आली होती, आणि तीतला रुग्णही युद्धातच नाक गमावलेला होता. १९१४ नंतर जे बदलले ते प्रमाण. खंदक धड वाचवतो, पण डोके वर काढावेच लागते. त्यामुळे जबडा, नाक, गाल उडालेले हजारो तरुण जिवंत परत येऊ लागले. न्यूझीलंडमध्ये जन्मलेल्या हॅरॉल्ड गिलीज यांनी यासाठी १९१७ साली इंग्लंडमधील सिडकप येथे खास रुग्णालय उभारले. त्यांची मोठी युक्ती म्हणजे त्वचेची पट्टी सपाट न ठेवता तिच्या कडा शिवून नळी करणे. नळी बंद असल्यामुळे जंतुसंसर्ग टळे आणि मूळ जागेचा रक्तपुरवठा चालू राही. प्रतिजैविके नसलेल्या काळात याचे मोल किती, हे आपल्याला सांगायला नको.

गिलीज यांच्याबरोबर हेन्री टाँक्स होते. ते आधी शल्यविशारद, नंतर लंडनच्या स्लेड कलाशाळेतले कडक शिस्तीचे चित्रकला-शिक्षक. शस्त्रक्रियेपूर्वी आणि नंतर ते रुग्णांचे चेहरे पेस्टल खडूंनी काढत. छायाचित्रे होती, पण ती कृष्णधवल. ओल्या जखमेची लाली, व्रणाची चकाकी, सुजेचा निळेपणा खडूच टिपू शके. या चित्रांत जखमेइतकेच लक्ष डोळ्यांकडे आहे, आणि रुग्ण सरळ आपल्याकडे पाहतो. ती चारचौघांत लावू नयेत, असे टाँक्स यांचे मत होते.

ज्यांच्यापुढे शस्त्रक्रिया थकली त्यांच्यासाठी पॅरिसमध्ये ॲना कोलमन लॅड या अमेरिकन शिल्पकर्तीने मुखवट्यांची कार्यशाळा चालवली. चेहऱ्याचा प्लास्टरचा ठसा, त्यावरून पातळ तांब्याचा मुखवटा, आणि मग तो माणसाच्या चेहऱ्यावर बसवूनच त्याला एनॅमलचा रंग. ढगाळ दिवशी जुळणारा रंग उन्हात परका दिसे, म्हणून दोहोंच्या मधली छटा निवडावी लागे. भुवया आणि मिशा खऱ्या केसांच्या, आणि सारे काही चष्म्याच्या काड्यांनी कानाला अडकवलेले. एक अडचण मात्र कोणालाच सोडवता आली नाही: माणूस म्हातारा होत गेला आणि मुखवटा तरुणच राहिला.

प्रश्न : 'शेल शॉक' हा आजार खरा होता की लढाई टाळण्याचे निमित्त? त्याचा साहित्याशी संबंध कसा जोडतात?

उत्तर : खरा होता. चार्ल्स मायर्स या डॉक्टरने फेब्रुवारी १९१५ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये हा शब्द छापला तेव्हा जवळ फुटलेल्या गोळ्याच्या धक्क्याने मज्जासंस्थेला इजा होते, असा समज होता. पण गोळ्याच्या आसपासही नसलेली माणसे मुकी होऊ लागली, त्यांचे पाय लुळे पडू लागले, आणि शरीरात कुठेच इजा सापडेना. तरीही ब्रिटिश सैन्याने पळपुटेपणा, भित्रेपणा आणि तत्सम आरोपांखाली गोळ्या घालून मारलेल्या ३०६ जणांना माफी मिळाली ती थेट २००६ साली. त्यांतले काही नक्कीच आजारी होते.

फ्रॉइडची याने पंचाईत केली. स्वप्ने ही इच्छापूर्ती असतात, हे त्याचे मत. मग हे सैनिक रोज रात्री त्याच स्फोटाकडे परत का जातात? या अडचणीतून त्याने १९२० साली आपल्या सिद्धांताची फेरमांडणी केली. एडिंबरोजवळच्या क्रेगलॉकहार्ट रुग्णालयात डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स रुग्णांना बोलते करत. १९१७ साली सिगफ्रीड ससून आणि विल्फ्रेड ओवेन हे दोन कवी तिथेच भेटले. हेच रिव्हर्स काही वर्षांपूर्वी निलगिरीत तोडा जमातीचा अभ्यास करून गेले होते. फ्रान्समध्ये सँ-दिझिए येथील मनोरुग्णालयात वैद्यकीचा विद्यार्थी आंद्रे ब्रतों याला १९१६ साली एक सैनिक भेटला. युद्ध हे नाटक आहे, तोफगोळे खोटे आहेत, जखमा रंगवलेल्या आहेत आणि प्रेते दवाखान्यांतून आणून टाकली आहेत, असे तो अत्यंत सुसंगतपणे सांगे. ब्रतोंने १९२४ साली अतिवास्तववादाचा, म्हणजे स्वप्ने आणि अबोध मन यांना कलेचा पाया मानणाऱ्या चळवळीचा, जाहीरनामा लिहिला, तेव्हा वेड्याच्या बोलण्याला त्याने दिलेला मान पुस्तकी नव्हता.

प्रश्न : 'युद्धाने रूप दिले' असे लिहिताना आपली लेखणी अडखळली कशी नाही? जवळपास एक कोटी सैनिक मेले. त्यांच्या आईबापांसाठी कोणत्या कलेने काय केले, ते लिहावे.

उत्तर : आपला आक्षेप मी मान्य करतो, 'दिले' हे क्रियापद चुकले. आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग अधिक अवघड आहे.

त्यापूर्वीच्या युद्धांची स्मारके बहुधा सेनापतींची असत. या युद्धानंतर साध्या शिपायाचे नाव दगडात कोरणे हा नियम झाला. ब्रिटिश साम्राज्याच्या दफनभूमींत अधिकारी आणि शिपाई यांना एकाच मापाची शिळा मिळाली, आणि ज्यांचा देहच सापडला नाही अशा ५४,००० हून अधिक जणांची नावे ईप्रच्या मेनिन दरवाजावर, तर ७२,००० हून अधिक जणांची फ्रान्समधील थिएपव्हालच्या कमानीवर कोरली गेली. ही नावे वाचण्यासाठी उंची कमी पडते.

पण आपण आईबापांविषयी विचारले आहे, म्हणून केटे कोलविट्झ या जर्मन चित्रकार-शिल्पकर्तीविषयी लिहितो. ऑक्टोबर १९१४ मध्ये तिचा धाकटा मुलगा पेटर, वय १८, बेल्जियममध्ये मारला गेला. तो वयाने लहान असल्यामुळे भरतीसाठी वडिलांची संमती लागत होती. वडील तयार नव्हते, आणि मुलाच्या हट्टाखातर त्यांचे मन वळवले ते केटेनेच. त्याच वर्षाच्या अखेरीस तिने स्मारकाची कल्पना लिहून ठेवली: मुलाचा आडवा देह, उशाशी वडील, पायथ्याशी आई. हे जमेना. १९१९ साली तिने काम सोडून दिले. काही वर्षांनी पुन्हा हाती घेतले तेव्हा मुलाची आकृती काढून टाकली होती. उरले दोघे गुडघे टेकलेले, प्रत्येक जण वेगळ्या चौथऱ्यावर, एकमेकांना न स्पर्शता. वडील ताठ आहेत, दोन्ही हातांनी त्यांनी स्वतःलाच कवटाळले आहे. आई पुढे झुकलेली, मान खाली. चेहरे तिचा स्वतःचा आणि नवऱ्याचा.

हे पुतळे १९३२ च्या उन्हाळ्यात बेल्जियममधील रोगेफेल्डे येथील जर्मन दफनभूमीत बसवले गेले, म्हणजे मुलाच्या मृत्यूनंतर जवळजवळ अठरा वर्षांनी. पुढे तिथल्या कबरी व्लाडस्लो येथे हलवण्यात आल्या, तेव्हा पुतळेही बरोबर गेले. तिथे आता २५,००० हून अधिक सैनिक पुरलेले आहेत. जमिनीलगतच्या दगडी फरश्यांवर प्रत्येकी अनेक नावे आहेत, आणि वडिलांच्या पुतळ्यापुढच्याच फरशीवर इतर नावांच्या रांगेत पेटर कोलविट्झ हे नाव आहे.